पूर्ण म्हणजे किती

१२ मार्च

मामा,

पाकीट ऑफिसचं आहे म्हणून दचकू नका, आत मीच आहे. दवाखान्यातल्या एकुलत्या एका फोनवर तुम्हाला बोलावलं असतं, पण तिथे बोलायचं म्हणजे अर्ध्या गावासमोर बोलायचं. शिवाय आज तो फोन बंद आहे, आणि हे पत्र त्याच्याबद्दलच आहे.

तो फोन ज्याच्यावर चालतो त्या तुमच्या खिंडीवरच्या टॉवरला वीज फक्त सूर्याची. आभाळ भरलं की टॉवर बॅटरीवर जगतो आणि दीड दिवसात मान टाकतो. ती बॅटरी बदलायचं काम माझ्या टेबलावर आलंय. आलंय म्हणजे मी मागून घेतलंय. गेल्या थंडीत मामींचा दमा उसळला तो धुक्याचा पहिला दिवस होता. फोन लागला, घाटाखालच्या डॉक्टरांनी नर्सबाईंना कुठलं इंजेक्शन द्यायचं ते सांगितलं, आणि वर गाडी पाठवली. दुसरा दिवस असता तर काय झालं असतं, हे मी ऑफिसात विचारत नाही. ऑफिसात मी एवढंच विचारते की लोड किती आणि किती दिवस.

लोड मला माहीत आहे. दोन रेडिओ आणि बाकीचं किडूकमिडूक मिळून साठ वॅट, रात्रंदिवस. दिवसांचा आकडा तुम्ही द्या. तुमच्याकडे जास्तीत जास्त किती दिवस सलग ऊन पडत नाही? अंदाज नको, आठवून सांगा.

मामींना नमस्कार. त्यांची तब्येत कशी आहे तेही कळवा.

तुमची भाची


२३ मार्च

फ्यूजबाई,

सात वर्षांची असताना तू माझ्या घरच्या प्लगात केसांचा आकडा खुपसून सगळी चाळ अंधारात टाकली होतीस. तीच तू आता आम्हाला वीज देणार म्हणतेस. बरं आहे.

उत्तर : पाच दिवस. आमचा डोंगर पर्जन्यछायेतला, पावसाळ्यातही रोज ऊन पडतं, त्रास थंडीतल्या धुक्याचा. मी इथे बारा वर्षं राहतोय, त्यात दोनदा पाच दिवस सूर्य दिसला नाही. तुझे साहेब दोन म्हणतील. तू पाचावर अडून बस. माझी साक्ष हवी असेल तर घे, पण मला तिकडे बोलावू नकोस, माझ्या एकाही शर्टाची बाही शाबूत नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये काढल्यावर माणसाच्या कपड्यांना अॅसिडची भोकं पडतातच. पण तिथला एकही फोन माझ्या कारकिर्दीत बॅटरीपायी बंद पडला नाही, हेही लिहून ठेव.

वर काही बघायचं, मोजायचं असेल तर मला सांग. खिंड अर्ध्या तासावर आहे, आणि घरी मी पायात पायात येतो असं हिचं म्हणणं आहे. हिची काळजी करू नकोस. मला ओरडते त्या अर्थी फुप्फुसं शाबूत आहेत.

मामा


२ जून

मामा,

पाच दिवस मंजूर. गणित असं : चोवीस व्होल्टवर टॉवर दिवसाला साठ अँपिअर-तास वीज खातो, पाच दिवसांचे तीनशे. बॅटरी तळापर्यंत उपसता येत नाही, थंडीत ती हात आखडते आणि म्हातारपणी आणखी आखडते, म्हणून धरले पाचशे. साहेब म्हणाले, "वर काय गिरणी चालवायची आहे?" मी म्हटलं, नाही, एक फोन. त्यांनी सही केली.

बॅटरीचे बारा सेल सहा खेचरांवर पुढच्या आठवड्यात वर पोचतील. पॅनल सध्या सहा लावतोय. ते तात्पुरते. टॉवरखालच्या खोलीचं छप्पर जुनं आहे, वाऱ्यात सहा पॅनल झेपतील का याची साहेबांना धास्ती आहे, त्यामुळे शेवटी किती ठेवायचे ते तुमच्या नोंदींवर ठरेल. इथून मला फक्त व्होल्ट दिसतात, आणि उन्हात व्होल्ट खोटं बोलतात. अॅसिड खोटं बोलत नाही, बॅटरी भरत जाते तसं ते दाट होतं. तुमच्याकडे ती काचेची नळी असेलच, आत कांडी तरंगते आणि दाटपणाचा आकडा दाखवते ती. रोज दुपारी एक वाजता अॅसिड ओढून बघायचं आणि सोबतच्या तक्त्यात खूण करायची : तारीख, वेळ, पूर्ण भरली : हो किंवा नाही.

एवढंच. तक्ता मुद्दाम सोपा केलाय.

भाची


५ जुलै

फ्यूजबाई,

सेल मस्त आहेत. डबे आरपार दिसतात, आत प्लेटा दिसल्या आणि जुनी माणसं भेटल्यासारखं झालं. पहिल्या दिवशी मी तिथेच दोन तास बसून होतो. घरी आल्यावर ही म्हणाली, "सवत भेटली वाटतं."

महिन्याचा तक्ता सोबत आहे. रोज एक वाजता पूर्ण. एकाही दिवशी "नाही" अशी खूण नाही.

तक्ता मात्र तुझा अगदीच पोरकट आहे. हो किंवा नाही. आकड्याला जागाच नाही. आमच्याकडे आकडा न लिहिता कुणी "पूर्ण" लिहिलं असतं तर सुपरवायझरने त्याला उभा-आडवा घेतला असता. आकडे मी माझ्या वहीत लिहितो आहे. हवे असले तर माग.

ही मजेत आहे.

मामा


२१ ऑगस्ट

मामा,

तुमच्या खुणांवरून निर्णय झाला. बॅटरी एक वाजताच भरत असेल तर दुपारचं सगळं ऊन फुकट जातंय. मग सहा पॅनल कशाला? दोन उतरवले. चार पॅनल, बारा सेल, पाच दिवस. छप्पर वाचलं, साहेब खूश. माझ्या रिपोर्टात एक वाक्य आहे, "प्रत्यक्ष जागेवरच्या अनुभवी निरीक्षकाच्या नोंदींनुसार." ते तुम्ही.

वही तुमच्याजवळच ठेवा. आकड्यांनी साहेब बुजतात, त्यांना हो किंवा नाही लागतं. मलाही आता पन्नास टॉवर बघायचे आहेत, प्रत्येकाची वही वाचायला बसले तर झालंच.

मामी मजेत आहेत हे वाचून बरं वाटलं.

भाची


३० सप्टेंबर

फ्यूजबाई,

निरीक्षक झाल्याचं हिला सांगितलं. म्हणाली, "घरातल्या नळाचं निरीक्षण करा, महिनाभर गळतोय."

चार पॅनलवर एक वाजता जरा कमी भरते. म्हणून मी आता तीनला जातो. तीनला पूर्ण असते. तक्ता सोबत.

मधले चार दिवस कोरे आहेत, ११ ते १४. गुडघा धरला होता. खोट्या खुणा मी करत नाही, म्हणून कोरे ठेवले.

ही मजेत.

मामा


९ ऑक्टोबर

मामा,

गुडघ्यासाठी पट्टा पाठवतेय. चढताना बांधा, उतरताना आणखी घट्ट बांधा. चार कोऱ्या दिवसांनी काही बिघडत नाही.

फाइल बंद केली. माझ्या सहीखाली "पाच दिवस" असं लिहिलंय आणि ते मी दोनदा वाचलं. आता धुकं येऊ दे.

भाची


२९ नोव्हेंबर

मामा,

माझ्या पडद्यावर जे दिसलं ते लिहिते. धुकं २१ तारखेला. टॉवर बंद पडला २३ तारखेला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे तिसऱ्या दिवशी. मी पाच लिहिले होते. २६ ला ऊन आल्यावर टॉवर उठला तसा मी दवाखान्यात फोन लावला. नर्सबाई म्हणाल्या, २३ ला संध्याकाळी मामींना श्वास घेता येईना, आणि त्यांना खाली नेलं. फोन नव्हता, गाडी मागवता आली नाही, डॉक्टरांना विचारता आलं नाही. कसं नेलं ते विचारलं तर म्हणाल्या, "ते त्यांनाच विचारा."

तर विचारते. मामी कशा आहेत? मी निघू का? दोन दिवसांत पोचते.

आणि मामा, तुमची ती आकड्यांची वही पाठवा.

भाची


८ डिसेंबर

फ्यूजबाई,

निघू नकोस. चार दिवस हिला खालच्या दवाखान्यात ठेवलं होतं, आता घरी आहे. खाटेवर बसून मला कामं सांगते. दुधाची गाडी मिळाली, तिच्यातून गेलो. विशेष काही नाही.

वही सोबत आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघ, खाडाखोड सापडणार नाही. धुक्याच्या आदल्या दिवशीची नोंदही आहे. पूर्ण होती. तुझ्या बॅटरीत काय खोट निघाली ते तू शोध. माझ्याकडून कसूर झालेली नाही.

मामा


२० डिसेंबर

मामा,

वही वाचली. खाडाखोड नाही. तुमचा सातचा आकडा अजून तसाच आहे, टोपी घातलेला.

चूक सापडली. धुक्याच्या आधी आठ-दहा दिवस ढगाळ होतं, ते माझ्या हिशेबात धरायचे राहून गेले. पॅनल चार करायला नको होते. चूक माझी आहे आणि साहेबांना मी तसं लेखी दिलंय. दोन पॅनल परत येताहेत, छपराला आडवे लोखंडी अँगल टाकून. सेल काही आठवडे जास्त वेळ भरून घेतले की बरेचसे सुधारतील.

एक किरकोळ गोष्ट. नवा तक्ता पाठवतेय, आता सगळ्याच टॉवरना हाच आहे. त्यात आकड्याचा रकाना आहे, आणि तळाला बारीक अक्षरात "पूर्ण : १२५०" असं छापलंय. छपाईचा नियम आहे, तुमच्यासाठी नाही.

मामींना नळी, वाफ, जे काही सांगितलं असेल ते करायला लावा.

भाची


२ जानेवारी

चि. भाचीस,

पॅनल पोचले. नवा तक्ताही पोचला.

हे काम यापुढे माझ्याकडून होणार नाही. वय झालं. दवाखान्यातला शिपाई हुशार आहे, त्याला दाखवून देईन. नळी त्याच्याकडे देतो.

तुझ्या साहेबांना तू जे लेखी दिलंस त्याची मला एक प्रत पाठवशील का?

मामा


१४ जानेवारी

अगं फ्यूजबाई,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. मी मामी. तुझ्या लग्नाच्या आहेरावर नाव घातलं त्यानंतर मी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे चुका काढू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हे जेवायला बसले होते. तक्ता उघडला, तळाचं वाचलं, आणि पानावरून उठून वर खिंडीत गेले. घसा दुखेपर्यंत हाका मारल्या. परत आले तेव्हा चेहरा चुन्यासारखा. दोन दिवस तो तक्ता खिशात घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी मी समोर जाऊन बसले, तेव्हा सांगितलं. प्रत्येक सेलच्या झाकणावर आकडा कोरलेला आहे म्हणे, बाराशे पन्नास. बारा झाकणांवर बारा वेळा. सहा महिने ते झाकण उघडून बाजूला ठेवत होते आणि कांडी बाराशे दहावर आली की "पूर्ण" अशी खूण करत होते. एक्स्चेंजमध्ये पूर्ण म्हणजे बाराशे दहाच. तिथल्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं भरलेल्याच राहायच्या, म्हणून अॅसिड पातळ ठेवायचे. टॉवरच्या सेलना रोज राबायचं असतं, त्यांचं अॅसिड दाट. हे मला त्यांनीच समजावलं, आणि समजावता समजावता रडले. एकतीस वर्षं जो आकडा बघितला तो हातात इतका बसला होता की झाकण वाचायचं सुचलंच नाही, असं म्हणाले. म्हणजे पाऊण भरलेल्या बॅटरीला हे पूर्ण म्हणत होते, आणि त्या जोरावर तू पॅनल उतरवलेस.

तू वही बघितलीस तेव्हाच तुला हे कळलं. मला शिकवू नकोस. ढगाळ दिवस म्हणे. तो आठवडा लख्ख होता, माझ्या गाद्या उन्हात होत्या. त्यांनाही ते माहीत आहे. म्हणून ती प्रत मागताहेत. तू आपल्या अंगावर काय काय घेतलंस ते त्यांना बघायचंय, आणि मग तुझ्या साहेबांना स्वतः पत्र लिहून सगळं परत आपल्या अंगावर ओढायचंय. मसुदा तयार आहे. उशीखाली ठेवतात, मी वाचला.

तर तुम्ही दोघं एकमेकांसाठी चूक लपवताय आणि एकमेकांच्या हातून ती हिसकावून घेताय. छान चाललंय. पण छाती माझी होती. मला कुणी विचारलं?

म्हणून मीच सांगते. चूक दोघांची आहे. त्यांनी झाकण वाचलं नाही आणि तू आकडा विचारला नाहीस. ते वही देतो म्हणत होते, तू नको म्हणालीस. निम्मी निम्मी वाटून घ्या आणि गप्प बसा. साहेबांना खरं काय ते एकदा लिही, दोघांच्या नावाने.

तिसरी चूक राहिली, ती माझी नि त्यांची मिळून. सप्टेंबरात चार दिवस कोरे होते ते गुडघ्यामुळे नव्हे. मला उठवत नव्हतं, हे उशाशी बसून होते. मीच म्हटलं होतं, तिला कळवू नका, कामात आहे, घाबरेल. त्या आधी जुलैतही एकदा झालं होतं. पत्रात मात्र "ही मजेत". आणि तू ते वाचून निश्चिंत झालीस. तुला कळलं असतं की मी अशी आहे, तर ते दोन पॅनल उतरवताना तुझा हात थांबला असता का, मला माहीत नाही. कदाचित वही मागितली असतीस. तुझा पट्टा मात्र खिडकीच्या दाराला बांधलाय, ते वाऱ्याने उघडत होतं.

आणि त्या दिवशी आम्ही खाली कसे गेलो ते विचारलं होतंस. दुधाच्या ड्रायव्हरने आधी नाही म्हटलं, त्याला समोरची काच पुसूनही रस्त्याची कड दिसत नव्हती. मग हे गाडीच्या पुढे चालले. खांद्यावर पांढरा टॉवेल टाकला, म्हणजे ड्रायव्हरला तेवढा तरी दिसावा. घाट संपेपर्यंत, नऊ किलोमीटर. मी ड्रायव्हरशेजारी बसून त्या टॉवेलकडे बघत श्वास मोजत होते. खाली पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर आमच्या हातात काही नव्हतं. हे त्यांना सांगू नकोस. त्यांनी ऐकलंय, पण मी ऐकलं नाही असं त्यांना वाटतं.

शिपायाला नळी दिली होती, ती मी परत आणवली. माणूस वय झाल्यामुळे काम सोडत असेल तर सोडू दे, लाजेने सोडायचं नाही, असं मी सांगितलं. परवापासून पुन्हा जातात. पद्धत बदलली आहे. ते वर बघतात आणि मी इथे तक्ता भरते. काल आल्या आल्या म्हणाले, "ठीक आहे." मी म्हटलं, ठीक म्हणजे किती? पायऱ्यांवर उभे राहिले, खिशातून चिठ्ठी काढली आणि आकडा वाचून दाखवला.

मलाही डॉक्टरांनी एक नळी दिलीय. तिच्यात जोर लावून फुंकायचं की काटा सरकतो, आणि श्वास किती आहे ते कळतं. माझ्या वयाला, उंचीला पूर्ण म्हणजे साडेतीनशे. ते नळीवरच पेनने लिहून घेतलंय. तुझ्या नव्या तक्त्यात शेवटचा रकाना "शेरा" म्हणून रिकामा आहे. तिथे रोज माझा आकडा लिहिणार आहे. तक्ता तुझ्या साहेबांकडे गेला तरी जाऊ दे. बुजले तर बुजले. "मजेत" हा शब्द या घरातून आता कुठल्याही पत्रात जाणार नाही.

आजचं : सेल बाराशे पस्तीस, पूर्ण बाराशे पन्नास. मी दोनशे चाळीस, पूर्ण साडेतीनशे.

तुझी मामी

ता. क. तुझं स्वतःचं कसं आहे? आकड्यात सांगता येत नसेल तर चार ओळी लिही, पण "मजेत" लिहू नकोस.